‘नळवार्ता’ची जाहिरात

३ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०
आजपासून प्रसिद्धीकडे लक्ष द्यायचं. चॅनेलला एक्केचाळीस सबस्क्रायबर, त्यात नऊ नातेवाईक. महिनाअखेर हजार. ‘नळवार्ता’ हा माझा शोध लोकांपर्यंत पोचत नाही, एवढीच अडचण. आपल्याकडे पाणी पाच दिवसांनी येतं आणि वेळेचा नेम नाही. नळाला जोडलेल्या बारक्या नळीत दोन तारा, पाणी आलं की भोंगा. साधं आहे, म्हणूनच थोर आहे.

संध्याकाळी
इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप जॉइन केला. २१२ मेंबर. वर अकरा नियम पिन केलेत. वाचले नाहीत. नियम नवख्यांसाठी. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चौदा वर्षं इलेक्ट्रिशियन आहे. व्हिडिओची लिंक टाकली. ॲडमिन पंचाक्षरी सर, रिटायर्ड आयटीआय मास्तर, यांचा पर्सनल मेसेज: स्वतःची लिंक फक्त रविवारी. पहिल्याच दिवशी दखल घेतली गेली.

५ मार्च
भीमा नावाच्या माणसानं ग्रुपवर विचारलं, घरी बनवलेला ॲम्प्लिफायर सारखा घूं घूं करतो, काय करू. मी लिहिलं, चांगल्या जोडणीचं महत्त्व माझ्या व्हिडिओत तिसऱ्या मिनिटाला आहे. लिंक दिली. ही जाहिरात नव्हे, मार्गदर्शन. तो म्हणाला, सर, ह्यो तर नळाचा व्हिडिओ हाय की. लोकांना खोलात जायचंच नसतं.

६ मार्च
कौतुकाची सुरुवात कोणीतरी करून द्यावी लागते. बायकोचा, रेश्माचा, फोन घेतला, तिला ग्रुपला जोडलं आणि तिच्या नावानं लिहिलं, ‘अप्रतिम सर! नळवार्तामुळे आमचं जीवन बदललं.’
तिच्या प्रोफाइलला आमच्या दोघांचा फोटो आहे हे लक्षात राहिलं नाही. सात जणांनी ‘वहिनी नमस्कार’ लिहिलं. असो. घरगुती नातं तयार झालं.

८ मार्च
रेश्मा चिडली. म्हणाली, माझ्या नावानं लिहिलंय तर आता त्यात काय चाललंय ते मीच बघणार. आणि बसून ग्रुप वाचला. सगळा. मग भीमाला सांगितलं, अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच ठिकाणी बांधा. तासाभरात घूं घूं बंद. चौतीस जणांनी हात जोडले.
तिच्या वडिलांचं मोहोळला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातलं काहीतरी कानावर पडलं असणार. शेवटी मान माझ्याच घराला.

१२ मार्च
प्रियदर्शनी नावाच्या कॉलेजच्या मुलीनं लिहिलं, सर, पाण्यात तांब्याच्या तारांना सतत करंट दिला तर त्या सडतात, स्टील वापरा. मी लिहिलं, आधी स्वतःचं चॅनेल काढा, मग बोला. यात अपमान कुठे आला? पंचाक्षरी सरांनी सगळ्यांसमोर लिहिलं, अमृतराव, इथे शिकणाऱ्याला हिणवत नाहीत, ही पहिली ताकीद. ‘राव’ लावलं, हे महत्त्वाचं.

१५ मार्च, रविवार
लिंकचा वार. सकाळी सहापासून सात वेळा टाकली. दर वेळी मथळा वेगळा. दुसरी ताकीद. मत्सर.

१६ मार्च
उद्या पाण्याचा दिवस. लाइव्ह करायचं. रेश्माला आईकडे मोहोळला जायचं होतं, पण पाण्यासाठी अडली होती. मी म्हणालो, खुशाल जा, भोंगा आहे. ती म्हणाली, तारा एकदा काढून बघा की. मी म्हणालो, शोधावर विश्वास लागतो.

१७ मार्च
सकाळी पाचला लाइव्ह सुरू. नऊ प्रेक्षक. टाकीची तोटी मुद्दाम बंद ठेवलेली, भोंगा वाजला की कॅमेऱ्यासमोर उघडायची. टीका मनावर घ्यायची नाही म्हणून कमेंट्स बघायच्या नाहीत असं ठरवलं होतं. दीड तास बोललो. विषय रंगला.
संपल्यावर कमेंट्स वाचल्या. ‘सर, मागं पाण्याचा आवाज येतोय.’ ‘शेजारची टाकी भरून वाहतीय.’ भीमा: ‘सर, लई वेळ झाला, तोटी उघडा.’ प्रियदर्शनी: ‘सर, प्लीज मागे बघा.’
पाणी येऊन गेलं होतं.

१८ मार्च
शेजारच्या मथुराबाईंनी दोन घागरी दिल्या. देताना म्हणाल्या, काल एकटंच कुणाशी बोलत होता ओ? कारखान्यात अंघोळ केली.

१९ मार्च
रेश्मा आली. रिकामी टाकी बघितली. नळीतल्या तारा काढल्या, हिरव्यागार होऊन तुटल्या होत्या. स्टीलचा एक जुना चमचा कापून दोन पट्ट्या बसवल्या. फोटो ग्रुपवर टाकला: ‘चूक आमची होती. प्रियदर्शनी, तुझं बरोबर होतं.’ शंभरावर हार्ट्स. मी म्हणालो, खाली लिंक टाक. ती म्हणाली, न्हाय.

२० मार्च
पंचाक्षरी सरांना डोळ्याच्या ऑपरेशनमुळे मदतीला दुसरा ॲडमिन हवा होता. रेश्माला केलं. ही बातमी जगाला कळावी म्हणून लगेच लिहिलं, ‘नव्या ॲडमिनचे मार्गदर्शक कोण? जाणून घ्या,’ आणि लिंक.

सात मिनिटांनी
स्क्रीनवर आलं, ‘रेश्मा घर’ने तुम्हाला काढून टाकलं.
स्वयंपाकघरात गेलो. विचारलं, हे चुकून झालं का? ती कांदा चिरत होती. म्हणाली, तिसरी वेळ हाय. दुसरा असता तरी काढलाच असता. त्या पोरीची माफी मागा, मग घेते. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

२२ मार्च, रविवार. सकाळी ५.२०
भोंगा वाजला. मोठ्ठा, एकदम स्वच्छ. कुणाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला, तर ग्रुप नाही. रेश्माला हाक मारली, ऐकलंस का, वाजला.
आतून म्हणाली, बहिरी न्हाय मी. तोटी उघडा.
उघडली.