ख्वाजामियाँ गेले

मु. वाडी, तीर्थपुरीजवळ
ता. २४ सप्टेंबर २०२४

चि. राजनंदिनीस आईचा आशीर्वाद.

आम्ही ठीक. कापूस फुटायला लागलाय. म्हैस आटली. सुरेखामावशी परतूरला चालली म्हणून तिच्याजवळ चकल्या अन् ही चिठ्ठी देऊन राह्यले. होस्टेलच्या फोनवर बोलावं तर ती बाई कान लावून उभी राहती. माझं लिहिणं चौथीपर्यंतचं, हसू नको.

सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या झेंड्याला तू शाळेत कविता म्हणलीस, ती गावातल्या समद्या मोबाईलवर आलीय. चाल न्हाई, काही न्हाई, नुसती हात हलवून बोलतीस. मला वाटलं भांडून राह्यली. मंग नीट ऐकलं.

रझाकारांनी लोकं मारली ते तुमच्या पुस्तकात हाय. ते खरंच हाय, तू बी म्हणलीस. बराबर. पुढं म्हणलीस, "पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, धडा संपला. आमच्या वावराला अजून ख्वाजाचं वावर म्हणतात. ख्वाजामियाँ गाव सोडून गेले. कोणी म्हटलं नाही, थांबा."

दुसऱ्या दिवशी चौघं येऊन ओट्यावर बसले. "भारत, पोरगी लई शिकली रे तुझी." तुझ्या बापानं चहा पाजला. मंग हेडसरचा फोन आला. ती ख्वाजामियाँची ओळ काढली तरच जालन्याच्या स्पर्धेला पाठवतो म्हणले. बाप म्हणला, "काढंल ती." जेवला अन् झोपला.

तू मला फोनवर इचारलंस, आई, काढू का. मी म्हणलं भाजी करपून राह्यली, अन् ठेवून दिला. चुलीवर काहीच नव्हतं.

ती ओळ चुकीची हाय.

तुझा कसूर न्हाई. गावात समदे असंच म्हणतात, ख्वाजामियाँ ॲक्शनमधी गेले. गेले म्हंजे हैदराबादला गेले असतील, असं मी बी लग्न होऊन आले तवा समजले. तुझी आजी गोजरबाई ॲक्शनच्या साली लहानगी नवरी होती. मरायच्या आधी ख्वाजाचं नाव घेऊन रडायली. मी चिडून म्हणलं, आत्याबाई, गेले तर गेले, तुम्ही कशाला रडता.

"अगं, कुठं न्हाई गेले. त्याच वावरात हायेत, विहिरीत. बायको बी, लेकरं बी."

कुणी टाकलं, म्हणलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

वावर आपल्याकडं कसं आलं ते मी कुणाला इचारलं न्हाई. त्या विहिरीवर आपली मोटर हाय. आज सकाळी चालू करून आले.

रडू बिलकुल येत न्हाई. हात चालतोय म्हणून लिहिते.

तर ती ओळ बदल. सर म्हणतात म्हणून न्हाई. जालन्याला पाठवतील न पाठवतील. बाप घरी आणून बसवतो म्हणला तर ते मी बघते. पण सोडून गेले म्हणू नको.

फरहाना तुझ्याच खोलीत राहती. माईकच्या आधी तिला एकटीला सांग. ती काय म्हणंल ते ऐकून घे, मधी बोलू नको.

दिवाळीला यायची घाई करू नको. अन् कुणी इचारलं, हे तुला कुणी सांगितलं, तर आजीचं नाव घेऊ नको, ती सुटली. खालचं नाव सांग.

बेबीनंदा भारत
(तुझी आई)