शेवंतीचा खुराक

१८ ऑक्टो. ९१, शुक्र.
काल दसरा. लतीफभाई दरवर्षीसारखे टांगा घरी ठेवून नुसती घोडी घेऊन आले. शेवंती हे नाव आमच्या मंजूने ठेवलेलं. सहा वर्षं ह्याच टांग्याने ती शाळेत गेली, आता पुण्याला होस्टेलवर आहे आणि पत्रात आधी घोडीची चौकशी करते, मग आईची.
हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. माळ सारखी करताना हात फासळ्यांवरून गेला. मोजता आल्या! दचकून हात मागे घेतला.
ल.भाई म्हणाले, "खाते बराबर, ताई. अंगाला लागत नाही."
टांग्याला रिक्षांमुळे कोण विचारतो आता. घर चालतं ते वरातींवर. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात रोडपालीची, २४ नोव्हेंबर. नवऱ्या मुलाचा काका परवा घोडी बघून गेला. म्हणे, "ही घोरी नाय, सापला हाय. दिवालीनंतर येतू. भरली तं आमची, नाय तं दुसरी बगू."
ही वरात गेली तर पुढच्याही जातील. मग शेवंतीला दलालाकडे द्यावी लागेल. दलाल पुढे कुठे नेतो ते भाई बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.
म्हटलं, खुराकाचं माझ्यावर सोडा. चारशे कोंबड्या पोसते मी, एक घोडी नाही पोसवणार?

२० ऑक्टो., रवि.
जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन भाईंकडे गेले. भाई तिला घालतात काय, तर भाताचा पेंढा, मूठभर कोंडा आणि जमेल तेव्हा हरभरा. डॉ.नी जबड्यात हात घातला. दाढांना धार आलेली, चावताना गाल कापत होता बिचारीचा. दाढा घासल्या, जंताचं औषध पाजलं.
खुराक विचारला तर म्हणाले, "आधी गवत. चांगलं वाळलेलं, पोटभर. मग भिजवलेला हरभरा, मिळाले तर जव, तेही मूठमूठ वाढवत. घोड्याचं पोट फार नाजूक. महिना-दोन महिने लागतील."
एवढा वेळ कुठे आहे? २४ तारीख काय थांबणार आहे?
घरी येऊन यादी केली. हाताशी कोंबड्यांच्या पावडरीच्या पुड्यातला कागद होता. एक बाजू कोरी असते, मी फेकत नाही. चारी बाजूंनी डिंक लावून इथेच चिकटवते.
(गवत – भारे कर्नाळ्याकडून सांगायचे. हरभरा – जास्त झाला तर पोट फुगतं. जव – पनवेलात नाही. शेंगपेंड – आहे. गूळ – आहे. लसूणघास – कुठे मिळतो??)

२३ ऑक्टो., बुध.
सकाळी कोंबड्यांचं खाद्य कालवताना डोक्यात लख्ख उजेड पडला. मका, शेंगपेंड, कोंडा, करंजाहून आणलेल्या सुकटीची पूड, वर पावडर. ह्याच खाद्यावर मुठीएवढं पिल्लू सहा आठवड्यांत दोन हातांत मावत नाही. मग घोडी का नाही भरणार?
अर्धं पोतं घेऊन गेले. भाई म्हणाले, "मुर्गीचा दाणा? घोडीला?"
"दाणा तो दाणा, भाई. पोटात गेल्यावर त्याला काय कळतं मी कोणाचा?"
हसले. पण शे.ने घमेल्यात तोंड घातलं, फुर्र केलं आणि सरळ भिंतीकडे वळली. सुकटीचा वास, दुसरं काय! जन्म पनवेलात गेला आणि मासळीला नाक मुरडते.
भाईंच्या बायकोकडून, जमिलाभाभींकडून, गूळ मागून घेतला. गुळाचं पाणी शिंपडलं, वर एक खडा माझ्या तळहातावर. खाल्लं. मंजूला पत्रात कळवायला हवं, तुझी आई किती हुशार ते.

२५ ऑक्टो., शुक्र.
भाई सांगत होते, अर्धं खाते, अर्धं टाकते. म्हटलं गूळ वाढवा. त्यांनी वाढवलाय.
ह्यांना सांगितलं तर पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "डॉक्टरांना विचारलंस?" म्हटलं, डॉक्टरांनी कोंबड्या पाळल्यात का कधी.

२७ ऑक्टो., रवि.
जमेल तसं लिहिते.
सकाळी ल.भाई पायी आले. इतक्या वर्षांत त्यांना घोडीशिवाय आलेलं पाहिलं नाही. "ताई, शेवंतीला घाम फुटलाय. मागचे पाय धरत नाहीत."
तशीच धावले. उभी होती, पण कशी! पोटाखालून घाम टपकत होता. मागचे पाय आत्ता दुमडतील की मग, असे. लघवी काळपट.
डॉ. आले. छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत बसले. मग, "काय घातलं?"
मी सांगितलं. मका, पेंड, कोंडा, सुकट...
"आणि?"
"पावडर. कोंबड्यांना रक्ताची हगवण लागू नये म्हणून देतो ती."
डॉ. पालथ्या बादलीवर बसले. म्हणाले, "अहो, कोंबडीचं ते औषध. घोड्याला विष आहे. हृदयाचा स्नायू खातं."
विष. मी रोज हातानं कालवते ते. नखांत असतं माझ्या.
उतारा नाही म्हणाले. कोळशाची पूड पाण्यातून पाजली, सलाईन लावलं. जागची हलवायची नाही. पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे.
भाईंनी मलाच स्टूल आणून दिलं. म्हणाले, "तुम्ही भल्यासाठीच केलं." डॉ. पण म्हणाले, तुम्हाला कुठून माहीत असणार.
भाभींनी चहा दिला. तो मी प्यायले. कसा प्यायले?

२८ ऑक्टो., सोम.
आहे. उभी आहे. खात नाही.
वासाने नव्हतं नाक मुरडलं तिने. तिला कळलं होतं. मी गूळ लावला. माझ्या तळहातावरून

२९ ऑक्टो., मंगळ.
दुपारी दोन काड्या गवत चावलं. भाई रडले, मी पण. डॉ. म्हणाले, धोका टळला असं समजू नका.

१ नोव्हें., शुक्र.
गवताचे भारे कुठून सांगायचे ते बघायला २० तारखेचं पान काढलं. यादीच्या कागदाचा कोपरा सुटला होता. मागे छापील दिसलं. नखाने सोलला कागद, डिंकाने थोडा फाटला. बारीक इंग्रजीत पाच-सहा ओळी. प्रमाण किती, कुठे ठेवायचं, आणि शेवटून दुसरी ओळ: घोड्यांना देऊ नये, जीवघेणं ठरू शकतं.
तीनदा वाचली. खाद्याच्या पिंपाला धरून खाली बसले.
ह्याच कागदावर मी घोडीच्या खुराकाची यादी केली! मागच्या बाजूला! आणि वर डिंक लावला!
अशा कागदांनी स्वयंपाकघरातला डबा भरलाय. किराण्याच्या याद्या, दुधवाल्याला निरोप. दोन वर्षं येतंय हे औषध घरात. बी.ए. झालेली बाई मी. एकदा उलटून वाचलं नाही.
तुम्हाला कुठून माहीत असणार, म्हणे.

६ नोव्हें., बुध.
काल लक्ष्मीपूजन. ल.भाईंच्या समोरच्या चाळीत घरोघर जाऊन हात जोडले, सुतळी बॉम्ब तेवढे दुसरीकडे लावा. लोकांनी ऐकलं. एक बाई म्हणाल्या, "किती करता हो त्या मुक्या जिवासाठी!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.
कागद डायरीत घडी करून ठेवलाय. भाईंना सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

१३ नोव्हें., बुध.
गवत, आता मूठभर भिजवलेला हरभरा. डॉ.नी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच सगळं, तसंच. दाढा घासल्यामुळे चावते नीट. फासळ्या झाकायला लागल्यात. अंगाला हात लावला की आता केस मऊ लागतात. हिला एवढंच हवं होतं. पोटभर गवत आणि थोडा धीर.
माझ्या हातचा गूळ घेत नाही. भाईंच्या हातचा घेते.

१९ नोव्हें., मंगळ.
मी तिथे असतानाच रोडपालीचा काका आला. घोडीभोवती फेरी मारली, खूश. "आता कशी भरली! आमची ठरली ही." मग माझ्याकडे वळून, "काय खायला घातलाव हिला, ताय?"
मी घमेलं उचलायला वाकले.
ल.भाई म्हणाले, "गवत."
त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाचवलं त्यांनी. आणि कशातून वाचवलं ते त्यांना माहीतच नाही.

२१ नोव्हें., गुरु.
डॉ. तपासून गेले. ठोके मध्येच चुकतात असं वाटतं म्हणाले, पण खात्रीने सांगायला इथे यंत्र नाही. सावकाश चालवा. टांगा नको, पाठीवर माणूस तर नकोच, निदान काही महिने. वरून कितीही धडधाकट दिसली तरी एखाद्या दिवशी बसेल ती बसेल.
ढोल, बॅन्जो, फटाके, पाठीवर नवरदेव.
डॉ. गेल्यावर भाई बराच वेळ खरारा करत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा. पाठवू का?"
मला विचारतात! अजून! घोडी मरता मरता राहिली, आणि हा माणूस सल्ला मागायला अजून माझ्याचकडे.
उद्या सांगते म्हणून पळून आले.

२२ नोव्हें., शुक्र.
कागद घेऊन गेले. भाई चाबकाची मूठ गुंडाळत बसले होते, आता चाबूक लागतोय कशाला. इंग्रजी त्यांना येत नाही, मी वाचून दाखवलं आणि मराठीत सांगितलं. हा कागद आधीपासून माझ्याजवळ होता, हेही.
त्यांनी कागद हातात घेतला, उलटला. माझी यादी. गवत, हरभरा, जव. अक्षरांवरून बोट फिरवत बसले. मराठी येतं त्यांना.
"पयलं गवतच लिहिलंय तुम्ही," म्हणाले.
ओरडले असते तर बरं झालं असतं. भाभी आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. चहा नाही. मला त्याने हलकं वाटलं, खोटं कशाला लिहू.
शेवटी मीच म्हटलं, "पाठवू नका, भाई."
"नाही पाठवली तर दलाल. पाठवली आणि रस्त्यात बसली, तर तिचा जीव जाणार, वर नवऱ्या पोराची हाडं." कागद घडी करून मला परत दिला. "रविवारी सकाळी तुम्ही माझ्यासंगती रोडपालीला चला. त्या काकाला हे वाचून दाखवा, मला दाखवलं तसंच. तो बोलेल ते."
"उद्याच जाऊ ना."
"उद्या त्यांची हळद. हळदीच्या घरात असलं काय वाचणार?"
हो म्हटलं. ज्या घरी लग्न आहे त्या घरी जाऊन, मांडवात, सगळ्यांच्या देखत.

२३ नोव्हें., शनि.
ह्यांना सांगितलं. पेपर खाली ठेवला त्यांनी. म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" नको म्हटलं.
डब्यातले सगळे कागद काढून एकेक वाचले. मग कोंबड्यांच्या खाद्याच्या पिंपावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून चिकटवलं. कोण वाचणार आहे? मीच.
काय बोलायचं ते तीनदा म्हणून बघितलं. दर वेळी पहिल्या वाक्यालाच अडते.

२४ नोव्हें., रवि. सकाळ, साडेआठ.
टापा ऐकू आल्या म्हणून खिडकीतून बघितलं. मला वाटलं भाई एकटे येतील. शेवंतीला घेऊन आलेत. पूर्ण सजवून! मण्यांचा तुरा, लाल झूल, गळ्यात शेवंतीच्याच फुलांची माळ. पाठीवर खोगीर मात्र नाही.
मी म्हटलं, "हिला कशाला?"
"सावकाश चालवा बोलले ना डॉक्टर. त्यांनी बघू दे तिला. तुम्ही वाचा, आणि त्यांनी हिच्याकडे बघू दे. नवरा हिच्या बाजूने पायी चालतो बोलला तर चालेल मला. नाय बोलला तर..."
घोडीच्या मानेवर हात होता, तो तिथेच राहिला.
चप्पल बदलून येते म्हणून आत आलेय आणि हे लिहितेय. कागद पर्समध्ये घातला. निघताना डब्यातून गुळाचा खडा घेतला होता, नेहमीच्या सवयीने. दारातून तिच्यापुढे धरला. तिने हात हुंगला, पुन्हा हुंगला, आणि तोंड भाईंच्या खांद्यामागे नेलं.
खडा परत डब्यात टाकला. भाई हाक मारताहेत. जाते.