नगऱ्यातल्या पुढच्या खोलीचे मृत्युपत्र

मी सुमेध सुभाषचंद्र पाटोळे, वय तेवीस, धर्माने ख्रिस्ती, राहणार नगरा, झाशी, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे हे खरे, पण तापलेले डोके आणि फिरलेले डोके यांत फरक असतो, हे वकील श्यामसुंदरजींनीही मान्य केले आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. येत्या बुधवारी लखनौच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्याने ती खराब केली. डॉक्टर म्हणाले, "रिस्क तो है, बता देना हमारा काम है." ठीक आहे. मग लिहून ठेवणे हे माझे काम. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. नगऱ्यातले दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. आजोबा सोलापूरहून इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आले, इथेच रिटायर झाले, आणि जाताना घर मला देऊन गेले. माझ्या थोरल्या भावाला, हर्षितदादाला, दिले नाही, कारण मी पाळक होणार होतो. मी बायबल कॉलेज तिसऱ्या वर्षात सोडले. तेव्हापासून दादाचे एकच पालुपद आहे: "पाळक झाला नाहीस, मग घर कसलं तुझं?" आजोबांच्या कागदात अशी अट कुठेही नाही. वकीलजींनी तो कागद दोनदा वाचला, दुसऱ्यांदा दादाच्या समोर.

मागची खोली माझी आई श्रीमती लीला यांची, त्या आहेत तोवर. त्यांच्यानंतर ती दादाची. वडील हयात नाहीत.

पुढची खोली, रस्त्याकडच्या दारासकट, फळ्यासकट आणि सतरंजीसकट, मी कुमारी स्वरदा शिरसाट, मूळ राहणार गुरसराय, यांना पूर्ण मालकीने देतो. दादाला तिथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान घालायचे आहे. तो मला म्हणाला, "देवाचं काम फूटपाथवर पण होतं रे, दुकानाला शटर लागतं." दादा, तुला उत्तर इथे लेखी देतो: नाही. माझी मोटरसायकल तू घे. तिचा ब्रेक नीट करून घे आणि मग चालव.

२. ती खोली स्वरदालाच का, हे सांगावे लागेल, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल की पोरगा प्रेमात आंधळा झाला होता. प्रेमात आहे. आंधळा नाही.

स्वरदा आणि मी बायबल कॉलेजात एकाच वर्गात होतो. कॉलेजचे नाव लिहीत नाही. वकीलजी म्हणाले, अब्रुनुकसानीचा दावा होईल. तिथे प्राचार्य आम्हांला संदेष्ट्यांची भाकिते शिकवत. भिंतभर कापडाचा तक्ता, त्यावर शिंगांची जनावरे, शिक्के, कर्णे, आणि खाली जगाच्या शेवटाचे साल. साल ज्या कागदाच्या पट्टीवर होते ती मला जाड वाटली. मी नखाने उचकटली. खाली दुसरी पट्टी, दुसरे साल. तिच्याखाली तिसरी, मग चौथी. प्रत्येक वेळी साल टळून गेले, की साहेबांनी वरून नवी पट्टी डकवली होती! मी चारही साले वर्गात मोठ्याने वाचली. साहेब म्हणाले, "पाटोळे, बाहेर." मी विचारले, "सर, आधी सांगा, गोंद कुठला वापरता?"

हे बोलायला नको होते, हे मला समजते. पण ज्या चर्चच्या मंडळीत हा तक्ता घेऊन ते जात, तिथे म्हाताऱ्या बायका घाबरून रात्रभर जागत. एकीने मुलीचे लग्न मोडले, आता जग राहणार नाही म्हणून. याचा जाब कोणी द्यायचा?

त्याच आठवड्यात उपदेशाच्या सरावात स्वरदाची पाळी होती. ती यिर्मयावर बोलली. यरुशलेमला वेढा पडलेला, शहर आज ना उद्या पडणार, आणि ते पडणार असे स्वतः यिर्मयानेच सांगितलेले, म्हणून राजाने त्याला पहाऱ्यात कोंडलेले. अशात त्याचा चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, गावाकडचे माझे शेत तू विकत घे. शेतावर शत्रूचे सैन्य बसलेले! आणि यिर्मया ते घेतो. नुसते हो म्हणत नाही. खरेदीखत लिहितो, साक्षीदार बोलावतो, सह्या करवतो, कारण देवाने त्याला सांगितलेले असते की या देशात लोक पुन्हा घरे घेतील, शेते घेतील, मळे लावतील. स्वरदा म्हणाली, "भाकीत म्हणजे हे. ज्याला आशा आहे, तो कागदपत्र पक्के करतो." माझी छाती भरून आली, आणि ते झडपेमुळे नव्हते.

प्राचार्य म्हणाले, "बहुत अच्छा, बेटी. महिला सभेत सांग हे." आणि दीक्षांत रविवारी व्यासपीठावरून बोलायचा मान त्यांनी लेखी पत्राने मला दिला. मला! जो तिच्यापेक्षा प्रत्येक पेपरात मागे, आणि ज्याला चार दिवसांपूर्वी वर्गाबाहेर काढलेले. कारण विचारले तर म्हणाले, "परंपरा." मी ते पत्र त्यांच्या टेबलावर फाडले आणि कॉलेज सोडले.

३. माझी चूक इथे नोंदवतो, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. मला वाटले होते स्वरदा खूश होईल. ती होस्टेलच्या फाटकापर्यंत माझ्यामागे आली आणि म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठी केलं मी."

"माझ्यासाठी? आता तिथे साहेबांचा लाडका भूषण उभा राहील आणि पंधरा मिनिटं शिंगं मोजेल. तू उभा राहिला असतास, तर दोन मिनिटं बोलून मला वर बोलावू शकला असतास. इतकं पण नाही सुचलं? बस, गुस्सा आला आणि चालले हीरो!"

मला खरोखर सुचले नव्हते. आजही आठवले की कान तापतात. भूषण उभा राहिला आणि त्याने शिंगे मोजली. ती पहिल्या नंबराने पास झाली आणि कॉलेजने तिला होस्टेलची वॉर्डन केले. सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी आता चादरी मोजून घेते. यावर ज्याला राग येत नाही, त्याची झडप तपासा.

४. पुढच्या खोलीत मी दीड वर्ष वर्ग चालवतो आहे. सेवाकार्यासाठी तयार होणारे पाच जण आहेत. त्यांतला जयसिंग दिवसा वर्कशॉपमध्ये डबे रंगवतो, मनस्वी नर्स आहे. माझी पदवी नाही, म्हणून कॉलेजवाले याला "पाटोळे का कोचिंग" म्हणतात. म्हणोत. आमचा नियम एकच आहे, आणि तोही स्वरदाने सुचवलेला: ज्याला उपदेश करायचा आहे त्याने आधी महिनाभर अशा घरी जावे जिथे आशा संपली आहे, तिथे काम करावे, आणि कोणी विचारल्याशिवाय शास्त्राचा शब्द काढू नये.

जयसिंग एका म्हाताऱ्या गँगमनकडे गेला. रुळांवर काम करताना त्यांचा पाय गेला होता. तीन आठवडे जयसिंगने फक्त पाणी भरले. चौथ्या आठवड्यात म्हातारबाबा वैतागून म्हणाले, "काय भैया, तुमाओ भगवान कछू बोलत है, कै बस पानी भरवाउत है?" तेव्हा जयसिंगने त्यांना त्या शेताची गोष्ट सांगितली. बाबांनी दुसऱ्या दिवशी अंगणात लिंबाचे रोप लावून घेतले. पाच वर्षांनी फळ धरेल. वय एक्क्याऐंशी. तक्त्यावरच्या कुठल्या जनावराने हे केले असते?

उद्यापासून हा वर्ग स्वरदा घेईल. ती हो म्हणाली आहे, वॉर्डनची ड्युटी संपल्यावर, संध्याकाळी सहाला. मी राहिलो नाही तर वर्ग तिचा. कोणीही तिला "महिला सभेत सांग" असे म्हणू नये. म्हटले तर त्याला रस्त्याकडचे दार दाखवावे.

५. आजोबांचे पान्हे जयसिंगला. पुस्तके मनस्वीला, पण समासात मी जे रागाने लिहिले आहे ते खोडू नये. बँकेत जे असेल ते आईला. माझ्या फोनमध्ये स्वरदाला लिहिलेले पण न पाठवलेले बरेच मेसेज आहेत. ते कोणीही वाचू नयेत. दादा, तू तर नाहीच. फोन मनस्वीकडे द्यावा, ती न बघता पुसून टाकील.

प्राचार्यांना कोऱ्या पट्ट्यांचे एक पाकीट आणि गोंदाची बाटली द्यावी. वकीलजी म्हणाले, "हे काढा, शोभत नाही." मी काढणार नाही.

६. अंत्यविधीत तक्ता टांगू नये. प्राचार्य आले तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी, माइक देऊ नये. "त्याची वेळ भरली होती" असे कोणी म्हणू नये. मी तेवीस वर्षांचा आहे, काहीही भरलेले नाही. उपदेश स्वरदा करील. मला त्या शेताबद्दल पुन्हा ऐकायचे आहे, कुठेही असलो तरी.

७. यिर्मयाने खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोर लावून बंद, एक उघडी, आणि टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवल्या. मीही दोन केल्या. उघडी वकीलजींकडे. बंद प्रत सही झाली की आईच्या लोणच्याच्या बरणीत जाईल. आई म्हणाली, "आठवड्यात बरणी रिकामी करून दे. कैऱ्या संपतील बाजारातल्या." ती रडत होती आणि तरी हे म्हणाली. माझ्या मते आमच्या घरात आशेवर सर्वांत चांगला उपदेश तिने केला.

८. काल, रविवारी, लक्ष्मी तालाच्या काठावर मी स्वरदाला लग्नाचे विचारले. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी दोन पायऱ्या खाली उतरलो.

"ऑपरेशनच्या तीन दिवस आधी विचारतोस? हो म्हटलं तर लोक म्हणतील दया केली, नाही म्हटलं तर मीच मारलं. हा काय तरीका आहे?"

"मग काय करू?"

"परत येऊन विचार. तेव्हा मला पण नीट भांडता येईल."

आज सकाळी वकीलजींनी हा मसुदा वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "सुमेध भैया, एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्हां ख्रिस्ती लोकांचा कायदा आमच्याहून निराळा. मृत्युपत्र केल्यानंतर लग्न केलंत, की मृत्युपत्र आपोआप रद्द. आमच्यात तसं नाही, तुमच्यात आहे."

मी विचारले, "पूर्ण रद्द? गोंदाच्या बाटलीसकट?"

"बाटलीसकट."

तर स्वरदा, हे कलम तुझे. मी गेलो, तर खोली तुझी, आणि दादाशी भांडायला हा कागद तुझ्या हाती आहे. परत आलो, तर स्टेशनवरून थेट होस्टेलच्या फाटकाशी येऊन विचारीन. नाही म्हणालीस तर यातला एक शब्दही बदलणार नाही. हो म्हणालीस तर ही सगळी पाने त्या दिवशी रद्दी होतील. मी इथे जे लिहिले आहे त्यातल्या प्रत्येक ओळीसाठी मी कोणाशीही भांडायला तयार आहे, आणि तरी बुधवारी टेबलावर झोपताना माझी एवढीच प्रार्थना असेल, की हे सगळे रद्द व्हावे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही करतो.

सही: सुमेध सुभाषचंद्र पाटोळे

साक्षीदार १: श्यामसुंदर, वकील, झाशी. (पाचव्या कलमातल्या पाकीट-बाटलीशी माझा संबंध नाही.)

साक्षीदार २: आबासाहेब, निवृत्त गार्ड, शेजारी, नगरा. (मुलगा सही करताना रागात होता, पण शुद्धीत होता. हात कापत नव्हता. उद्या सकाळच्या गाडीला मी सोडायला जाणार आहे, आणि आणायलाही.)

स्थळ: झाशी
तारीख: सोमवार, १६ जून २०२५