याडीच्या फोनचं हिरवं बटन

ती. सौ. बबिताबाईच्या पायी धाकटा भाऊ शाम याचा नमस्कार आणि जय सेवालाल. इकडे आम्ही सगळे सुखात आहो. भाऊजींचा गुडघा आता पुण्याचे जिने चढून राह्यला का? (नसला चढत तर त्याले खाली ठेवून भाऊजींनी वर यावं.) पत्र पाहून तू म्हणशील, याले आजकाल पत्र लिहायचं काहून सुचलं. तर बाई, आपली याडी, म्हणजे माय, तुझा फोन उचलत नाही म्हणून तू रुसली, अन् त्या रागात माझाही फोन कट करून राह्यली. पोस्टमनले काही कट करता येत नाही. मराठीत लिहितो, कारण आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत मले भांडता चांगलं येते, लिहायले कोणी शिकवलंच नाही.

पहिली गोष्ट ही की याडी तुझ्यावर रागावली नाही. तू घेऊन दिलेल्या साध्या फोनचं हिरवं बटन गेलं. लाल बटन चालते, आकडे सगळे चालतात, टॉर्च तर न सांगता लागते. नेमकं फोन उचलायचं तेवढं मेलं. अन् कारण आपल्याच घरचं आहे. तुले आठवते न, तू माहेरी आली की याडी एसटीच्या थांब्यावरच तुझ्या गळ्यात पडून सुरात रडायची? भेटीचं रडणं ते. त्यात सगळा हिशेब यायचा, कोण म्हातारं गेलं, कोणती गाय व्याली, लेकीनं किती दिवस तोंड दाखवलं नाही. तूही तिच्या खांद्यावर तोंड ठेवून सुरातच उत्तर द्यायची. मी तुझी पिशवी धरून उभा, अर्धं लक्ष त्यातल्या बालुशाहीत. शेजारची हंसाबाई घरात बसून नुसत्या सुरावरून सांगायची, बबिता आली म्हणून. आता तांड्यात तसं रडणं फारसं ऐकू येत नाही. खरं सांगतो बाई, मले त्याची लय आठवण येते.

तर आता लेक फोनातून येते म्हटल्यावर याडीनं फोनच गळ्याशी धरला. स्पीकर लावून, दोन्ही हातांनी, बटनं आपल्या तोंडाकडे. डोळ्याचं सगळं पाणी हिरव्या बटनावर.

मी आधी फोन तळहातावर आपटला, जसं आपण बापूच्या रेडिओले मारायचो. रेडिओ मार खाऊन निदान बातम्या तरी द्यायचा, याले काही फरक पडला नाही. मग कोणी म्हणे, तांदळात ठेवा. तांदूळ संपले होते म्हणून तुझ्या भावजयीनं, कोकिळानं, तो तुरीच्या डाळीत पुरला, अन् डाळ निवडता निवडता हाती लागला म्हणून कुकरातून वाचला. मग सुपात मिरच्या वाळत होत्या, त्यात उन्हाले ठेवला. संध्याकाळी याडीनं तो गालाले लावला, अन् त्या दिवशी ती फोन न येताच रडली.

शेवटी पुसदले गेलतो. दुकानदारानं फोन खोलला, बटनाखाली पांढरा थर पाहिला अन् मले विचारलं, समुद्रात पडला होता काय? आता पुसदले समुद्र कुठून आणू? मी म्हटलं, माझी माय रडते. तो जुन्या टूथब्रशनं घासत बसला.

तर मुद्दा एवढाच की दोष बटनाचा आहे, मायचा नाही. राग सोड. भाऊजींना नमस्कार, भाच्याले, ओमले, गोड पापा.

तुझा,
शाम

ता. क. : दुकानदारानं घासलं तेव्हाच बटन चांगलं झालं. आज सकाळीही मी दाबून पाहिलं. तुझी रिंग आली की याडी फोन मांडीवर घेते, पूर्ण रिंग ऐकते, "माझी बाई" म्हणते, अन् उचलत नाही. मागं ती रडत होती तर तू म्हटलं, याडी, रडणं राहू दे, लवकर बोल, मले ड्यूटीवर जायचं आहे. तिनं राग नाही धरला. म्हणते, फोनले गळा नसते.

आणखी एक : बटन बिघडलं असं लिही, हे तिनंच सांगितलं. लेकीले 'ये' म्हणायची लाज वाटते. फोन बिघडला म्हटलं की नवा घेऊन स्वतःच येईल म्हणे. तेव्हा ये, अन् नवा फोन आणच. रिकाम्या हातानं आली तर मी तुले खरं सांगितलं हे तिले कळेल, अन् थांब्यावर तुझ्या गळ्यात पडून ती पहिले माझ्या नावानं रडेल.