तुझे बारा, आमचे पावणेनऊ

॥ श्री वीतरागाय नमः ॥

निपाणी, भाद्रपद वद्य, सन १९३८

चिरंजीव पारिसा, मुक्काम मोंबासा, यास आक्काकडून पोटभर आशीर्वाद आणि पाठीत दोन धपाटे (का, ते पुढं कळेल).

तब्येत विचारायची रीत आहे म्हणून विचारते. ‘उत्तम आहे’ असं मोघम लिहू नकोस. पोटाचं, डोळ्यांचं आणि उजव्या गुडघ्याचं वेगवेगळं लिही. इकडं सगळी जागच्या जागी आहेत. तुझ्या दाजींचा खोकला त्यांच्यासंगं तंबाखूच्या वखारीत जातो आणि त्यांच्यासंगंच घरी येतो. मी दुसरी इयत्ता शिकलेली बाई, माझं अक्षर तुला ठाऊक आहे. लागलं तर लाव, न लागलं तर अंदाजानं वाच. आक्का रागावलीय एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आता तुझं आषाढातलं पत्र. त्यात तू आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंस की, सकाळी दोनला दुकान उघडतो, साडेअकराला बंद करतो आणि बाराच्या आत जेवून मोकळा होतो. पारिसा, ते वाचून माझ्या हातातलं उलथनं चुलीत पडलं. दोनला उठणारा तू? तुला सातला उठवायला मला तुझ्या अंगावरची वाकळ ओढून अंगणात न्यावी लागायची. पण उठण्याचं एक वेळ सोड. रात्री बाराला जेवण? आपल्या घरात दिवस बुडाल्यावर कुणी तोंडात दाणा टाकल्याचं मला तरी आठवत नाही. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा, तापानं फणफणलेला, तरी अंधारात दूध मागितलं नाहीस. तो तुझा शेठ कच्छातला असला तरी जैन आहे, त्याच्याकडं उजेडात जेवण मिळेल, ह्या एका शब्दावर मी तुला बोटीत बसू दिलं. नाही तर मोंबाश्यात काय, मी तुला चिकोडीतसुद्धा कापड मोजायला सोडलं नसतं. तेव्हा मला बाकी काही नको होतं, एवढंच कळायला हवं होतं की तू आपल्या घरचा राहिलास की न्हाय.

म्हणून मी मारुतीराव मास्तरांकडं गेले. (मास्तरांना पृथ्वी गोल आहे हे माहीत आहे, आणि ते सांगितल्याशिवाय ते कुणाला सोडत नाहीत.) शाळेतला गोल कपाटात कोंडलेला आणि किल्ली कुणाकडं ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून त्यांनी माझ्याच परड्यातला भोपळा आणायला लावला. त्यात निपाणी म्हणून एक लवंग टोचली, मोंबासा म्हणून दुसरी टोचली, आणि कंदील हातात घेऊन भोपळ्याभोवती फिरू लागले. (फिरतो भोपळा, कंदील नव्हे, असं तोंडानं सांगत होते, फिरत मात्र स्वतः होते.) दोन प्रदक्षिणा झाल्यावर म्हणाले, सूर्य आधी आपल्याकडं येतो, मग पारिसाकडं जातो, म्हणून आपलं घड्याळ त्याच्या पावणेतीन तास पुढं. मी म्हटलं, पावणे कशाला, सरळ तीन करा की. तर म्हणाले, चंपाबाई, ते सरकारनं ठरवलेलं आहे. मग पाटीवर मांडून त्यांनी सांगितलं की तुझे रात्रीचे बारा म्हणजे आमचे पहाटेचे पावणेतीन. बेरीज चोख होती, मी बोटांवर दोनदा मोजली. रात्री साडेअकरापर्यंत कापडाच्या दुकानात कोण गिऱ्हाईक येतंय, हे मात्र त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. भोपळा त्यांच्याकडंच राहिला.

तशीच उठून मी बस्तीत गेले, देवाला हात जोडले आणि उपाध्यांना सगळं सांगितलं. हळू सांगायला गेले होते, पण माझा आवाज तुला माहीत आहे. दर्शनाला आलेली जयाबाई खांबाआड उभी होती. ती लगेच गळा काढून म्हणाली, “आज रात्रीचं जेवला, उद्या कांदा खाईल गं तुझा भाऊ.” मी म्हटलं, तुझ्या जावयाच्या तोंडाला जो वास येतो तो चंदनाचा व्हय? (हे मी बस्तीत बोलायला नको होतं. बोलले.) दिवेलागणीच्या आत अख्ख्या निपाणीला कळलं की पारिसा बाटला. उपाध्यांनी सांगितलं, भाऊ लांब आहे, त्याच्या वाटचं प्रायश्चित्त बहिणीनं घेतलं तरी चालेल. मग पर्युषण पर्वाच्या दहा दिवसांत मी एक वेळ जेवले, वर दोन कोरडे उपास केले आणि वर्षभरासाठी मिरची सोडली. मिरची सोडून निपाणीत जगणं काय असतं ते मोंबाश्यात बसून तुला कळायचं न्हाय. घरात सगळ्यांना बिनतिखटाचं मिळतंय आणि सगळी तुझ्या नावानं खडे फोडताहेत.

एवढं सगळं झाल्यावर, मागच्या आठवड्यात, येळ्ळूरचा परशराम गवंडी वखारीची पडकी भिंत बांधायला आला. हा सहा वर्षं मोंबाश्यात विटा रचून आलेला. त्याला चहा देता देता मी तुझी कर्मकहाणी ऐकवली. तो बशीतला चहा संपवून म्हणाला, “आक्का, भाऊ तुमचा लई नेमाचा हाय. दिस बुडायच्या आत जेवतोय की.”

मी म्हटलं, “बाराला जेवतोय तो.”

“व्हय की. तिथली माणसं दिस उगवल्यापास्नं तास मोजत्यात. आपलं सकाळचं सात म्हंजे त्येंचं एक. दिस बुडताना बारा. बाजारात समदी तसंच बोलत्यात, मीबी बोलत हुतो.”

“आणि घड्याळात?”

“घड्याळ सरकारी. काट्याच्या समोरचा आकडा वाचायचा, झालं. काटा सहावर आला की बारा म्हणायचं.”

“हे तू मला आज सांगतोयस?”

“तुमी आज इचारलासा,” म्हणाला आणि भिंतीकडं गेला.

म्हणजे तुझे दोन म्हणजे सकाळचे आठ, साडेअकरा म्हणजे संध्याकाळचे साडेपाच, आणि तू सहाच्या आत, चांगल्या उजेडात, जेवतोस. पारिसा, हे एका ओळीत लिहायला तुझ्या बोटांना काय झालं होतं? उपाध्यांना जाऊन विचारलं, आता माझ्या उपासांचं काय. म्हणाले, पुण्य वाया जात नाही. मी म्हटलं, मग मिरची परत द्या. तर म्हणाले, नेम तो नेम.

दोष तुझा, पण एक गोष्ट माझ्याही हातून झाली ती सांगून टाकते, नाही तर दाजी लिहितील. परशरामानं हे सांगितल्यावर तुझी वेळ समोर दिसावी म्हणून वखारीतल्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मी पावणेतीन तास मागं केले. आत-बाहेर करताना मान वर केली की कळायचं, आता पारिसानं दुकान उघडलं, आता तो कापडाचं थान उलगडतोय. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं, वखारीत दुपारपासून कंदील लावलेले, आणि दाजी संकेश्वरच्या व्यापाऱ्याशी तंबाखूच्या पानावरून वाद घालत बसलेले. मी दोनदा जेवायला बोलावणं धाडलं. दोन्ही वेळा त्यांनी घड्याळाकडं बघून निरोप पाठवला, आत्ता कुठं साडेतीन झालेत, बाईला सांगा घाई करू नको म्हणून. वाद मिटवून बाहेर आले तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. त्यांच्यासाठी वाढलेलं ताट मला झाकून ठेवावं लागलं. ते पाय धुऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, “बरं झालं. पारिसा मोंबाश्यात जेवला, मी निपाणीत उपाशी.” घड्याळ दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः लावलं आणि आता त्याची किल्ली कनवटीला असते.

घड्याळ नसलं तरी आकडे आता डोक्यातनं जात नाहीत. इथं माणसं जेवून उठतात, मागनं मी सहाला ताट घेते. पूर्वी तू थांबायचास. दाजी हाक मारायचे तरी “भूक नाही अजून” म्हणून खोटं बोलायचास आणि मग माझ्यासमोर बसून चार भाकरी खायचास. आता अकरा महिने समोर भिंत आहे. मला वाटलं होतं, वेळ तरी एक असेल. लांब असला म्हणून काय, तोही आत्ताच बसला असेल. पण मी सहाला बसते तेव्हा तुझे सव्वातीन, तू दुकानात. तू बसतोस तेव्हा माझे पावणेनऊ, आणि अंधारात मला घास घेता येत नाही. सकाळच्या जेवणाचंही मास्तरांना मोजायला लावलं, तेही कुठं जुळत नाही. म्हणजे तू नेम पाळायचास, मी नेम पाळायचा, आणि पाळून दोघांनी एका वेळी कधीच जेवायचं नाही. मी मास्तरांना म्हटलं, ह्याला काही उपाय? ते पाटी पुसत म्हणाले, मोंबासा जवळ आणता येत नाही, चंपाबाई. हे मला भोपळ्याशिवायही कळलं असतं.

असो. तू उजेडात जेवतोस एवढं कळलं, माझं काम झालं. जिवाला जप, कुणी काही दिलं तर आधी वास घे, आणि पुढच्या पत्रात वेळ लिहिलीस तर कुणाची ते लिही.

तुझी आक्का
चंपाबाई

ता. क. हे पत्र मुद्दाम विमानाच्या टपालानं धाडते, कारण बोटीनं एक पार्सल आधीच निघालंय. त्यात शेंगदाण्याची चटणी आहे, मेतकूट आहे, आणि सगळ्यात वर तुझ्या शेठच्या नावाचं माझं एक पत्र आहे. ते मी परशराम यायच्या आधी लिहिलं. त्यात शेठना नावाचा जैन म्हटलंय, त्यांच्या आईनं त्यांना काय शिकवलं ते विचारलंय, आणि माझ्या भावाला पहिल्या बोटीत बसवा असं तीन वेळा लिहिलंय. पार्सल तूच सोड, आणि ते पत्र शेठच्या हाती पडायच्या आत फाडून टाक.

ता. क. दुसरा. वरचं लिहून वखारीपर्यंत जाऊन आले. फाडू नकोस. देऊन टाक शेठना. फार तर काय, हाकलतील. बोटीत बसायला तेवढं निमित्त पुरे आहे. कापडाची दुकानं निपाणीतही आहेत.

ता. क. तिसरा. दाजींनी दुसरा ता. क. वाचला. म्हणाले, पोरगं आपल्या पायावर उभं राहतंय, तू त्याचे पाय ओढू नकोस. बरं, फाड. पण मग एवढं कर. रोज सव्वातीनला (तुझ्या बाजारातले सव्वानऊ) दुकानात कितीही गर्दी असली तरी एक शेंगदाणा तोंडात टाक. मी तेव्हा ताटावर बसलेली असते. गिऱ्हाईक सोडवायला तुला उशीर होणार हे धरून मी पहिला घास जरा थांबूनच घेईन.