पाळण्यापुरता कॉम्प्रेसर

१० ऑगस्ट, रविवार
कॉम्प्रेसर गेला. मागच्या पडवीतल्या माझ्या वर्कशॉपात सईच्या पाळण्याला रंगाच्या स्प्रेचा पहिला हात मारणार, तेवढ्यात खर्र करून बसलाच. सई आमची एकुलती लेक. सप्टेंबरअखेर बाळंत होईल. ज्या सागवानी पाळण्यात ती झोपली, त्यातच तिचं बाळ झोपणार आणि रंग मी माझ्या हातानं मारणार, असा शब्द दिलाय तिला. तिकडं वारणानगरच्या विहीणबाईंनी मॉलमधला चाकांचा पाळणा बघून ठेवलाय म्हणे. प्लास्टिकचा! माझं नातवंड प्लास्टिकात झोपणार न्हाई म्हणजे न्हाई.
संकल्प: आठवड्याच्या आत नवा कॉम्प्रेसर. पतसंस्थेत मॅनेजर होतो, कर्ज मागायला आलेला माणूस चालीवरून ओळखायचो. मशीन काय चीज हाय!

११ ऑगस्ट
जुना कॉम्प्रेसर भंगारात दिला. माघारी फिरायला जागा ठेवली की माणूस ढिला पडतो. आमच्या सौ. नंदिनीचं म्हणणं, आधी कुणाला दाखवायचा तरी की हो. बायकांना निर्णय झेपत नाहीत.

१७ ऑगस्ट, रविवार
सकाळपासून यूट्यूब. एचपी, लिटर, पीएसआय. डोळे चुरचुरतात, पण विषय मुठीत आला. कम्प्युटरवर तुलनेचा तक्ता केला. वजन, चाकं, व्होल्टेज, वॉरंटी. मुद्दे वाढतच चाललेत, अभ्यास म्हणतात तो हाच. नंदिनीनं विचारलं, पाळणा तोवर घासून ठेवू का. म्हटलं घाई नको, घासण्याचंही शास्त्र असतं. ती पॉलिश पेपर घेऊन बसली.

२३ ऑगस्ट
लक्ष्मीपुरीत वृषभच्या दुकानात गेलतो. मशिनरीचं दुकान, पोरगं चुणचुणीत. त्यानं लगेच एक लहान, बिनआवाजाचं मॉडेल पुढं केलं. म्हणाला, काका, घरात ल्हान बाळ येणार, ह्योच न्या. टाकी चोवीस लिटर. मी हसलो. तर म्हणतो कसा, तुमास्नी रंगवायचंय काय, पाळणा का एसटी?
गिऱ्हाइकाशी ही काय बोलायची रीत झाली? पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार न्हाई. आणि कॉम्प्रेसर म्हटल्यावर आवाज पायजे की! आवाजच न्हाई तर चालू हाय हे कळणार कसं?

१ सप्टेंबर
घरात गौरी जेवायच्या. त्या गडबडीतही वृषभच्या दुकानात जाऊन आलो. बंद होतं. माझ्या बाजूनं प्रयत्नात कसूर नाही, एवढं नमूद करतो.

८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. आता नवी वस्तू घ्यायची नसते. नंदिनी म्हणाली, तुम्ही पितृपक्षात फ्रीज आणलात, स्कूटर आणलीत, वर अंधश्रद्धा म्हणजे काय ते मला तासभर ऐकवलंत. मी सांगितलं, वयानं माणूस नम्र होतो. ती कप घेऊन आत गेली. मनातून मोकळं वाटलं. आता पंधरवडाभर कुणी विचारणार न्हाई.

१५ सप्टेंबर
विचारलंच. शेजारचे बाळासो कुंपणावरून ओरडले, मॅनेजरसाहेब, पाळणा रंगला का न्हाई, का नातवंड कॉलेजात गेल्यावर रंगवणार? अख्खी गल्ली हसली. दिवसभर चैन पडेना. पडवीत येरझाऱ्या. बसलं की वाटतं उठावं, उठलं की वाटतं फोन बघावा. तक्ता उघडतो, एक मुद्दा घालतो, मिटतो. परत उघडतो.
संकल्प: घटस्थापनेला खरेदी. मग काय वाट्टेल ते होवो.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
फक्त दोन मॉडेल उरलीत. मोठीच मजल मारली म्हणायची. खरेदी तेवढी राहिली.
हवा खायला गच्चीवर गेलो, तर तिथं पाळणा वाळत घातलेला! पिवळा, कडेनं हिरव्या वेली. नंदिनीनं ब्रशनं रंगवलाय, तोही पितृपक्षात. बेस कोट म्हणून चालेल. शेवटचा हात मात्र स्प्रेचाच.

२६ सप्टेंबर, सकाळ
नात झाली! सई बरी हाय. पोरीला माझ्या हातात दिलं. मूठ केवढी, स्प्रे गनच्या नॉझलएवढी. डोळ्यांत पाणी आलं. दवाखान्यात फिनेल फार मारतात. सईनं विचारलं, अप्पा, पाळणा झाला? म्हटलं, फिनिशिंग राहिलंय. ती बरं म्हणाली, पण माझ्याकडं न बघता. ते लागलं.
बारसं ७ तारखेला. त्याआधी स्प्रे मारला नाही तर मी तिचा बाप नव्हे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची पूजा. करवत, पटाशी, ड्रिल मांडलं. कॉम्प्रेसरची जागा मोकळी, बरं दिसेना. मग अ‍ॅपमधला फोटो उघडून फोनच पाटावर उभा केला. माझ्या दोघांपैकी एकाला ठेवलं असतं तर दुसऱ्यावर अन्याय. म्हणून सगळ्यात थोरल्याचा फोटो लावला, तीन एचपी, दीडशे लिटर. देवापुढं लहान काय ठेवायचं! हळद वाहिली, कुंकू वाहिलं. कुंकू जरा जास्त झालं, खालच्या नारंगी बटणावर सांडलं. ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं. फोन थरथरला, टिंग वाजलं. शुभ संकेत. नंदिनी म्हणाली, काय आलंय बघा की. पूजेत फोन बघत नसतो मी.

२ ऑक्टोबर, दसरा
मुहूर्तावर अ‍ॅप उघडलं. माझी दोन्ही मॉडेल संपली! लोकांना म्हणून धीर नाही. कसले कसले मेसेज येत होते, जाहिराती असणार. न वाचता पुसून टाकले. चित्त शांत ठेवायचंय.

७ ऑक्टोबर, बारसं
पाळणा हॉलमध्ये टांगला. विहीणबाई हुपरीचे चांदीचे वाळे घेऊन आल्या, मॉलचा पाळणा आणला नाही. वेलींवरून बोट फिरवून त्यांनी विचारलं, किती सुरेख, कुणी काढल्या? मी घसा साफ करेपर्यंत सई म्हणाली, आईनं.
बायका पाळणा म्हणत होत्या, तेवढ्यात दारात टेम्पो. ड्रायव्हर ओरडला, पावणं, कॉम्प्रेसर हाय, पैसे काढा आन् चार माणसं लावा. दीडशे लिटरचा! तेव्हा कुठं ते सांडलेलं कुंकू आणि फडक्याखालचं नारंगी बटण आठवलं. पण विहीणबाईंसमोर मागवला न्हाई असं म्हणायचं कोणत्या तोंडानं? म्हटलं, मीच निवडलाय, दोन महिने अभ्यास करून. बाळासोंनी हात लावला. पडवीच्या दारातून जाईना, म्हणून हॉललगतच्या व्हरांड्यात टेकवला. नवी वस्तू म्हणून नंदिनीनं हळदकुंकू लावलं, हार घातला. विहीणबाई म्हणाल्या, चालू तरी करून दाखवा.
केला. काय तो आवाज! नात किंचाळून उठली. पाठोपाठ घरातली लाईट गेली, पंखे बंद. पोरगी रडायची थांबेना, म्हणून आत्यानं कानात सांगायचं नाव ओरडून सांगितलं. भैरवी. बाळासोंनी कुंपणापलीकडच्यांनाही कळवलं.

९ ऑक्टोबर
कॉम्प्रेसर परत जात नाही. कंपनीच्या माणसानं फोटो मागितला. टाकीवर कुंकू, पट्ट्यात झेंडू. वापरलेला माल घेत नाही म्हणाला. म्हटलं, वापरला न्हाई, पुजलाय. ऐकेना.
सई तीन महिने इथंच. तोवर चालू करायला बंदी, वायर नंदिनीनं कपाटात घातली. स्प्रेचा शेवटचा हात राहिला. भैरवी पाळण्यात झोपलेली असते, तिला उठवायची घरात कुणाची छाती नाही. माझी तर नाहीच. पण झोपते छान. वेलींकडं बघत बघत झोपते.
दुपारभर झोका देत बसलो. व्हरांड्यात कॉम्प्रेसरच्या टाकीवर तिची दुपटी वाळत होती. नंदिनी म्हणाली, टाकी गोल हाय, सुरकुती म्हणून पडत न्हाई, चांगला निवडलात हो. हा मुद्दा माझ्या तक्त्यात नव्हता. आत्ता घातला.