दगडावरचा व्ही

रविवार, हर्नडन

म्युझियममधून आल्यापासून तो व्ही डोक्यातून जात नाहीये. माझी इरा इथल्या अमेरिकन शाळेत लॅटिन शिकते, म्हणून आईलाही व्हीलचेअरवर घेऊन रोमन थडग्यांचे दगड बघायला गेलो. एका दगडावर अख्ख्या कुटुंबाची नावं होती आणि एकाच नावाआधी व्ही कोरलेला. इरा म्हणाली, "आजी, व्ही मीन्स अलाइव्ह. दगड केला तेव्हा हा जिवंत होता."

"आणि तो गेल्यावर?" आईनं विचारलं.

"नोबडी चेंज्ड इट."

आई हसली. "म्हणजे बिचारा अजून जिवंतच की!"

मला तिच्याकडे बघवेना. नागपूरला राहणारा माझा दादा दिवाळीच्या आधीच वारला. आईला सहन होणार नाही म्हणून आम्ही सांगितलंच नाही. रोज नवी थाप. दादा झोपलाय, दादा गावाला गेलाय. आता कुठल्या तोंडानं सांगू? आमच्या घरातला व्ही कोण पुसणार?

घरी आल्या आल्या आई म्हणाली, "दादाला फोन लाव. त्याला त्या दगडाची गंमत सांगते."

काय करणार, लावला. वहिनीनं त्याचा नंबर अजून बंद केलेला नाही. रिंग वाजत राहिली आणि आई हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत बसली.